पांघरुणाआधी अंथरूण

शिकार म्हटले की आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांसमोर संस्थानिक, हाके आणि मचाणे उभी राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी तो सारा प्रकार इतिहासजमा केला, हे उत्तमच झाले. तथापि अमेरिकेतील रॉकी पर्वतराजीत दरवर्षी शरदाच्या अखेरीस एल्क नावाच्या महाकाय हरणामागे जो शिकारी पाठीवर बिऱ्हाड घेऊन पायी निघतो, त्याची जात निराळी आहे. आणि शिकारीविषयी आपले मत काहीही असो, कडाक्याच्या थंडीत उघड्या रानात निजण्याची जी विद्या त्याने संपादन केली आहे, ती हिवाळ्यात हिमालयातील केदारकंठा किंवा हर की दून गाठणाऱ्या आमच्या पुण्या-मुंबईच्या तरुणांनी उसनी घेण्याजोगी आहे.

कोलोरॅडोच्या नैऋत्येकडील वेमिनुच हे राखीव अरण्य घ्या. १९६४ च्या अरण्य-कायद्याखाली येणाऱ्या या मुलखात मोटार तर नाहीच, सायकलीलाही मज्जाव आहे. त्यामुळे घोडे-खेचरे बाळगण्याची ऐपत नसलेल्या शिकाऱ्याला आठवडाभराचा शिधा, तंबू, बंदूक आणि अंथरूण-पांघरूण असा सगळा जामानिमा स्वतः वाहून दहा-अकरा हजार फुटांवर चढावे लागते. सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून बार काढण्याची कायद्याने मुभा असल्याने रात्रीच्या सर्वांत बोचऱ्या प्रहरी तो उठून धारेवर जाऊन बसतो, दुर्बीण लावून तासन्‌तास हालचाल न करता राहतो, आणि अंधार पडल्यावर घामेजल्या अंगाने मुक्कामी परततो. जनावर पडलेच, तर त्याचे खाण्याजोगे मांस रानात कुजू देणे हा गुन्हा. ते चार-पाच खेपांत वाहून आणणे त्याच्यावर बंधनकारक. अशा माणसाने तोळ्यातोळ्याचा हिशेब ठेवावा हे ओघानेच आले. पण रात्रभर कुडकुडलेल्या माणसाचे बोट पहाटे चापावर थरथरले, तर जनावर मरत नाही, जायबंदी होऊन पळते. म्हणून झोपेच्या बाबतीत केलेली काटकसर त्याच्या एकट्याच्या अंगावर येत नाही.

असे असूनही खरेदीला निघालेला नवखा शिकारी, आणि आपल्याकडील नवखा ट्रेकरही, पहिला हात घालतो तो स्लीपिंग बॅगेला. खाली अंथरायची मॅट ही त्याच्या लेखी किरकोळ बाब, पैसे उरले तर घ्यायची. माझ्या मते हा क्रम सर्वस्वी उलटा आहे. बॅगेत भरलेल्या पिसांची ऊब ही वस्तुतः पिसांची नसून त्यांच्यात कोंडलेल्या स्थिर हवेची असते, आणि सत्तर किलोचा देह त्यांवर आडवा झाला की पाठीखालची पिसे चेपून पापडासारखी होतात, हवा निघून जाते आणि गोठलेली जमीन रात्रभर अंगातील उष्णता ओढून घेत राहते. वरून कितीही किमती पांघरूण घेतले, तरी ही गळती थांबत नाही. ती थांबवते मॅट. तिचा उष्णतारोध आर-व्हॅल्यू या आकड्याने सांगतात, आणि २०१८ साली अमेरिकेत त्याच्या मापनाची एक प्रमाण पद्धत ठरल्यापासून निरनिराळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. घडीची फोमची मॅट साधारण २ भरते. हवा भरण्याच्या, आत परावर्तक पडदे असलेल्या उत्तम मॅटा ७ च्या आसपास जातात आणि तरी वजनाला अर्ध्या किलोच्या आत राहतात. शिवाय एकीवर दुसरी घातली की या आकड्यांची सरळ बेरीज होते. खाली फोमची २ आणि वर हवेची ४ असली, की ६ होतात, आणि गोठलेल्या जमिनीवर, बहुधा बर्फावरही, तेवढे पुरते. मध्यरात्री हवेची मॅट काट्याने फुटली तरी फोम जागेवर असतो, आणि दिवसा तोच धारेवर बसावयाचे आसन होतो. ही जोडी थोडी जड पडते हे कबूल. पण ते वजन मी बंदुकीच्या दुर्बिणीतून, शिध्याच्या डब्यांतून, फार तर बॅगेतून कापीन, पाठीखालून कापणार नाही.

बॅगेवरील आकड्यांनी तर पुष्कळांची दिशाभूल होते. २०१६ पासून आयएसओ २३५३७ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या कसोटीत एक तापवलेला पुतळा, अंगात लांब बाह्यांचे कपडे व पायांत मोजे चढवून, थंड खोलीत बॅगेत निजवतात आणि त्यावरून तीन तापमाने काढतात. पहिले ‘कम्फर्ट’, ज्यात सर्वसाधारण स्त्रीला सुखाने झोप लागावी. दुसरे ‘लिमिट’, ज्यात सर्वसाधारण पुरुषाने अंग आखडून रात्र निभावून न्यावी. आणि तिसरे ‘एक्स्ट्रीम’, ज्यात झोपेचा प्रश्नच उरत नाही, केवळ जीव तगण्याची आशा असते. पहिल्या दोहोंत पाच-सहा अंशांचे अंतर असते, तिसरा आकडा मात्र फारच खाली घसरतो, आणि दुकानाच्या पाटीवर नेमका तोच ठळक दिसतो. त्या पुतळ्याच्या खाली मॅट होती, हे तर कोणी सांगतच नाही. आणि दिवसभर चढून थकलेला, अर्धपोटी निजलेला माणूस त्या पुतळ्याइतकी उष्णता देत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. मुक्कामी अपेक्षित असलेल्या नीचांकाहून पाचेक अंश खालचा ‘कम्फर्ट’ पाहून बॅग घ्यावी.

आता पिसे की कृत्रिम तंतू, हा जुना तंटा. १९३५-३६ च्या हिवाळ्यात सिएटलचे एडी बॉअर मासेमारीहून परतताना ओल्या लोकरी कपड्यांत गारठून मरणाच्या दारी पोहोचले, आणि त्यातून शिलाईच्या कप्प्यांत पिसे भरलेला त्यांचा प्रसिद्ध कोट जन्माला आला. गंमत अशी, की ओलीपासून पळून ज्या पिसांचा आश्रय घेतला, त्या पिसांना ओलीइतका दुसरा वैरी नाही. उत्तम प्रतीची एक औंस पिसे फुलून साडेआठशे घन इंच जागा व्यापतात आणि वजनाच्या मानाने त्यांच्याइतकी ऊब कशातच नाही. पण भिजली की त्यांचा गोळा होतो. ही ओल बाहेरच्या पावसानेच येते असे नाही. १९११ च्या अंटार्क्टिकातील हिवाळ्यात पेंग्विनची अंडी आणावयास केप क्रोझियरला गेलेल्या अप्स्ली चेरी-गॅरर्ड यांची अठरा पौंडांची बॅग पाच आठवड्यांनी परतली तेव्हा पंचेचाळीस पौंडांची झाली होती, आणि ती वाढ बव्हंशी त्यांच्याच घामा-श्वासाच्या गोठलेल्या वाफेची होती. म्हणून दोन-तीन रात्रींच्या कोरड्या थंडीसाठी पिसे निःशंक घ्यावीत. परंतु आठ दिवस एकाच तंबूत, रोज घामेजून परतणाऱ्या आणि ओले मोजे पोटाशी धरून वाळवणाऱ्या शिकाऱ्याने कृत्रिम तंतूंची बॅग, अर्धाएक किलो जास्त वाहूनही, घेतली तर त्याला मी अडाणी म्हणणार नाही. तंबूत पातळ पत्र्याची शेगडी पेटवून रोज संध्याकाळी पिसे वाळवण्याची सोय ज्याच्यापाशी आहे, त्याची गोष्ट वेगळी.

मुक्कामाची जागा हाही या सरंजामाचाच भाग, आणि त्याला वजन शून्य. रात्री थंड हवा वाहत येऊन दरीच्या तळाशी साचते. तेव्हा पाण्याच्या लोभाने ओढ्याकाठी राहुटी न ठोकता थोडे वर, झाडांच्या आडोशाला ठोकावी.

आपल्याकडे हिमालयात नेणाऱ्या मंडळींकडून बॅग भाड्याने मिळते, आणि वर्षातून एकदा जाणाऱ्याने ती खुशाल भाड्याने घ्यावी. मॅट मात्र स्वतःची असावी, कारण बॅगेच्या मानाने ती अल्प किमतीत येते आणि मिळेल त्या बॅगेची ऊब तीच सार्थकी लावते. बॅग विकतच घ्यावयाची असेल आणि दुकानदाराने एकच आकडा पुढे केला, तर उरलेले दोन मागावेत. ते त्याच्यापाशी नसतील, तर पैसे खिशातच ठेवून पुढचे दुकान गाठावे.