किती वेळात किती?

मराठी भाषा क्रियापदांच्या बाबतीत मोठी चोखंदळ आहे. दिवाळीच्या दिवसांत हे विशेष लक्षात येते. लाडू वळायचे असतात, चकल्या पाडायच्या असतात, करंज्या भरायच्या आणि शंकरपाळे कातायचे असतात. 'फराळ करणे' हे क्रियापद मात्र खाणाराचे. रांधणाराचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही! व्यायामाचेही तसेच. जोर काढायचे, बैठका मारायच्या, करेल फिरवायची आणि नमस्कार घालायचे. आसन मात्र लावायचे. 'मी आज पंचवीस पद्मासने मारली' असे कोणी म्हणू लागला, तर आपण त्याच्याकडे काळजीने पाहू.

प्रश्नही वेगळे आहेत. आसनाविषयी आपण विचारतो, "किती वेळ बसलास?" नमस्काराविषयी विचारतो, "किती घातलेस?" एकात वेळ मोजायची, दुसऱ्यात संख्या. पतंजलींनी आसनाची व्याख्या करताना स्थिरता आणि सुख या दोनच गोष्टी मागितल्या. धाप लागणे आणि घामाने निथळणे यांचा त्यात कोठे उल्लेख नाही. घाम हा आखाड्यातला पाहुणा, आसनावरचा नव्हे.

हा सगळा भाषेचा कीस मी आज एवढ्यासाठीच काढला की, हल्ली या साऱ्या गोष्टी 'योगा' या एकाच शब्दाच्या पोटात गेल्या आहेत. गच्चीवर अर्धा तास डोळे मिटून बसणारे आजोबा योगा करतात, आणि कोपऱ्यावरच्या क्लासात पंख्याखाली घामाघूम होणारी त्यांची नातसूनही योगाच करते. शब्द एक झाला की हिशोबही एकच होतो. आमचे एक स्नेही आहेत, पन्नाशी उलटलेले. रक्त तपासले तर साखर वाढलेली निघाली. ते चकित होऊन म्हणाले, "अहो, पण मी तर चार वर्षे रोज योगा करतो!" काय करता म्हणून विचारले, तर अनुलोम-विलोम, वज्रासन, तीन नमस्कार आणि भरपूर शवासन. या यादीत वाईट काहीच नाही. पण हृदयाला आणि रक्तातल्या साखरेला जे हवे असते, ते यात कितीसे आहे, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता.

आणि तो प्रश्न महाराष्ट्राने तरी विचारायला हवा, कारण नमस्काराला व्यायाम म्हणून जगापुढे मांडण्यात आपला वाटा मोठा आहे. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी युरोपातल्या सँडोच्या पद्धतीचा व्यायाम बरीच वर्षे केला आणि मग ते नमस्काराकडे वळले. वळले ते असे, की साऱ्या संस्थानाला त्यांनी वळवले. शाळांतून नमस्कार सुरू झाले, राजवाड्यात राणीसाहेबही नमस्कार घालू लागल्या. १९२८ साली त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यांच्या पद्धतीवरचे दुसरे पुस्तक निघाले. त्यांची दृष्टी स्वच्छ व्यायामाची होती. नमस्कार रोज घालायचा, मोजून घालायचा आणि वयाप्रमाणे संख्या वाढवीत न्यायची. शिवाय बीजाक्षरांसह सूर्याची नावे मोठ्याने घ्यायची. या शेवटच्या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

त्याच सुमारास, १९२४ साली, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. हे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. त्यांनी आसन-प्राणायामाला प्रयोगशाळेत नेऊन बसवले आणि क्ष-किरणांच्या व दाबमापकांच्या साक्षी काढल्या. श्रद्धेने सांगितलेली गोष्टही मोजून पाहावी, हा त्यांचा धडा. तिकडे म्हैसूरला कृष्णमाचार्य व पुढे त्यांचे शिष्य पट्टाभि जोइस यांनी आसने नमस्काराच्या धाग्यात ओवून एक वेगवान पद्धत शिकवली. ती अमेरिकेस गेली, तेथे १९९०नंतरच्या दशकात 'पॉवर योगा' झाली, आणि तयार कपड्यांसारखी परत आपल्याकडे विक्रीस आली. आपल्या आजोबांचा नमस्कार आपण आता महिन्याची फी भरून शिकतो. तक्रार करण्याचे कारण नाही. ठेव व्याजासकट परत आली, एवढेच.

आता मोजमापाकडे वळू. स्वस्थ बसलेला माणूस जेवढी शक्ती खर्च करतो, तिला एक माप म्हणावे. तीन ते सहा मापांचा व्यायाम मध्यम आणि सहाच्या वरचा जोरकस, अशी शास्त्रज्ञांची वाटणी आहे. २०१६ साली अमेरिकेत या विषयावरच्या संशोधनांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात सुटी आसने सरासरी सुमारे २.२ मापांची आणि प्राणायाम १.३ मापांचा भरला. म्हणजे हलका व्यायाम. सूर्यनमस्काराचे आकडे मात्र २.९ पासून ७.४ पर्यंत पसरलेले निघाले. एकच नमस्कार, पण कोठे तो सावकाश फेरफटका ठरतो, तर कोठे धावण्याच्या पंक्तीला जाऊन बसतो.

असे का व्हावे? आपल्याकडचेच दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहा. दिल्लीच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २१ जवानांनी नमस्कार घातले, ते संथपणे, प्रत्येक स्थितीत थांबत. त्यात मिनिटाला ३.७९ कॅलरी खर्च झाल्या आणि हृदयाचे ठोके जास्तीत जास्त १०१ पर्यंत गेले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत सहाच तरुण होते, पण त्यांनी नमस्कारांच्या चार फेऱ्या केल्या. त्यांचे ठोके दुसऱ्या फेरीत वयाच्या कमाल मर्यादेच्या ८० टक्क्यांवर आणि चौथ्या फेरीत ९० टक्क्यांवर गेले. साठ किलो वजनाच्या माणसाला अर्ध्या तासात २३० कॅलरी, म्हणजे मिनिटाला साडेसात-पावणेआठ. जवानांच्या दुप्पट! सहा माणसांवरून जगाचा कायदा करू नये हे खरे, पण दिशा स्पष्ट आहे. 'किती वेळ' आणि 'किती' या दोन जुन्या प्रश्नांत हृदयाचा स्वतःचा असा तिसरा प्रश्न मिसळायला हवा: किती वेळात किती?

हृदय हा स्नायूच आहे, आणि त्याला इतर स्नायूंसारखेच कामाने बळ येते. नमस्कारात मांड्या, पाठ, दंड हे मोठे स्नायू एकदम कामाला लागतात. ते प्राणवायू मागतात, हृदय अधिक रक्त पाठवते. ही मागणी काही मिनिटे सलग टिकली आणि आठवड्यामागून आठवडे येत राहिली, की एका ठोक्यात अधिक रक्त ढकलण्याची हृदयाला सवय होते. मग विश्रांतीच्या वेळी कमी ठोक्यांत भागते. तीन नमस्कार घालून आपण शवासनात गेलो, तर हृदय कामाचे कपडे चढवीपर्यंत सुट्टीची घंटा झालेली असते.

साखरेचे गणितही असेच. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतो, आणि व्यायाम संपल्यावरही एक-दोन दिवस तो इन्शुलिनचे म्हणणे अधिक नीट ऐकतो. पुढे हा परिणाम ओसरतो. म्हणूनच वैद्यकशास्त्र सांगते की, मधुमेह्याने व्यायामात दोन दिवसांपेक्षा मोठा खंड पडू देऊ नये. रथसप्तमीला एकशे आठ नमस्कार घालून आठवडाभर पाय चोळीत बसणाराला पुण्य किती मिळते ते सूर्यनारायण जाणे. रक्तातली साखर मात्र चौथ्या दिवशी सारे विसरलेली असते.

जोरकस नमस्काराने सगळेच साधते, असेही नाही. २०१६ साली स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे ४४ निरोगी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्या जणांनी सहा आठवडे वेगवान नमस्कार घातले. बारा मिनिटांत माणूस किती धावतो, या कसोटीवर त्यांचा दमसास काही वाढला नाही. पण रक्तात दोन चांगले बदल दिसले. चांगल्या कोलेस्टेरॉलच्या कणातले मुख्य प्रथिन वाढले, आणि साखरेचा व चरबीचा विनियोग सुधारणारे, मेदपेशींतून येणारे एक संप्रेरकही वाढले. यातून मला दोन गोष्टी दिसतात. सहा आठवडे हा थोडा काळ आहे, आणि तरुण, निरोगी माणसाला वर चढायला पायऱ्याही कमीच असतात. शिवाय धावण्याची परीक्षा धावणाराच उत्तम देतो. नमस्काराने चालण्याला रजा देऊ नये, एवढे तरी यातून घ्यावे.

मग घरच्या माणसाने वेग कसा ओळखावा? वयाची वर्षे २२० मधून वजा केली, की ठोक्यांची ढोबळ कमाल मर्यादा निघते. पंचेचाळिशीच्या माणसाची १७५. मध्यम व्यायामात ठोके साधारण ११२ ते १३३ राहतात. पण नाडी मोजण्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे बोलून पाहणे. बोलता येते पण गाता येत नाही, तो मध्यम व्यायाम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरकस. आता औंधच्या मंत्रांची आठवण करा! सूर्याचे नाव मोठ्याने घेण्यात भक्ती होतीच, पण त्यात दम मोजण्याचे बिनखर्ची यंत्रही होते. नाव स्पष्ट उमटते आहे तोवर ठीक. ते घशात अडकू लागले की थांबावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल सांगितली आहे. ज्याला सवय नाही त्याने पहिल्या आठवड्यात सहा नमस्कारांनी सुरुवात करावी, दर आठवड्याला दोन-चार वाढवावेत आणि वेग सर्वांत शेवटी वाढवावा. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा मणक्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे, कारण डोके खाली जाताना आणि श्वास कोंडताना दाब वाढतो. छातीत दुखले, चक्कर आली, तर 'एवढी फेरी पुरी करतो' म्हणू नये.

संथ आसनांची आणि प्राणायामाची यात निंदा नाही. मन निवते, झोप लागते, रक्तदाबही थोडा उतरतो. भारतात २४ रुग्णालयांतल्या ३९५९ हृदयरोग्यांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य योगाभ्यासाने पुढचे झटके व मृत्यू ठळकपणे कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. पण त्या रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक बरी वाटू लागली आणि ते रोजच्या कामाला अधिक चांगले लागले. झटका येऊन गेलेल्या माणसाला हे थोडे नव्हे. प्रत्येकाने आपापले काम करावे, एवढेच म्हणणे आहे. पोळपाट चांगला आहे म्हणून त्यावर कोणी कांदा किसत नाही.

या दिवाळीत पाहुणे येतील, फराळ होईल आणि 'मी रोज योगा करतो हं' असे कोणीतरी अभिमानाने सांगेलच. त्याला हसू नका. लाडवाचे ताट पुढे करा आणि हळूच विचारा, "किती वेळात किती?"