बेल वाजली, दारात कुणीच नाही!

मंडळी, स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी उमटलं की आपल्या पोटात गोळा येतो. त्यातून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं असतील, तर विचारूच नका!

गेल्या मे महिन्यात धुळ्याहून मामेभावाचा फोन आला. ‘भाऊ, लॅपटॉप गेला बहुतेक.’ स्वारी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सेकंडहँड, एएमडी प्रोसेसरचा लॅपटॉप, त्यावर लिनक्स. सुरू करताना दर वेळी एक ओळ यायची: ‘१.५५ नो आयआरक्यू हँडलर फॉर व्हेक्टर’. मग २.५५, ३.५५... आणि दुपारी काम करता करता मशीन खटकन बंद! रिपेअरवाल्याने दोन्हींची सांगड घातली. म्हणे मदरबोर्ड बदला, नऊ हजार. मामीची भिशी नेमकी त्याच महिन्यात लागलेली. पैसे द्यायची तयारीही झालेली. त्यात तोंडावर प्लेसमेंटची ऑनलाइन टेस्ट.

आता ही ओळ म्हणते काय? इंटरप्ट म्हणजे दारावरची बेल. कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड, कुणालाही काम असलं की ते प्रोसेसरची बेल वाजवतात. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, वहीत बघतो की हा नंबर कुणाचा, आणि त्या ड्रायव्हरला हाक मारतो. कधी बेल वाजते, पण तो नंबर वहीत कुणाच्याच नावावर नसतो. १.५५ मधला १ हा प्रोसेसरचा नंबर, ५५ हा बेलचा. अनेक एएमडी मशिन्सवर बूट होताना हे घडतं आणि खोड बहुतेक वेळा बायोसची असते. कर्नल दार उघडतो, कुणी नाही, दार लावून पुढच्या कामाला लागतो. बस्स!

मग एवढा आरडाओरडा का? लिनक्सच्या निरोपांना ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत. ० म्हणजे आणीबाणी. ही ओळ नेमकी त्याच पायरीवर छापली जाते. म्हणून बाकीचे निरोप लपवले तरी ही दिसतेच.

हा प्रकार जुनाच. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये ८२५९ए नावाच्या दोन चिप्स बेल सांभाळायच्या. वायरमध्ये क्षणभर खरखर झाली आणि ‘कोण आहे?’ विचारेपर्यंत ती विरली, तर पहिली चिप सरळ ७ नंबर सांगायची. हा नंबर सहसा प्रिंटर पोर्टचा. म्हणजे नाव त्या बिचाऱ्या प्रिंटरचं!

तर अशी ओळ दिसली की तीन गोष्टी बघा. एक, ती फक्त सुरू होताना येते की सारखी येत राहते? दोन, कीबोर्ड, वायफाय, आवाज सगळं नीट चालतंय ना? तीन, बायोसचं नवं व्हर्जन आलंय का? असेल तर चार्जर लावूनच अपडेट करा. मात्र ‘नोबडी केअर्ड’ आणि पाठोपाठ ‘डिसेबलिंग आयआरक्यू’ दिसलं, तर दुर्लक्ष नको. एक लाख बेलांपैकी जवळजवळ सगळ्याच बेवारस निघाल्या, की कर्नल ती तारच तोडतो आणि तिच्यावरचं डिव्हाइस बंद पडू शकतं.

भावाचं सगळं नीट होतं. मग दुपारी मशीन बंद का पडायचं? ‘सेन्सर्स’ कमांड चालवायला लावली. प्रोसेसर ९८ अंशांवर! खोलीत मे महिना, फॅनच्या जाळीत धुळ्याची धूळ. जाळी साफ केली, वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, काम काही शेकड्यांत झालं. लॅपटॉप पुन्हा बंद पडला नाही. टेस्टही त्यावरच दिली.

गंमत म्हणजे ती १.५५ वाली ओळ अजूनही येते, रोज सकाळी. साप समजून भुई धोपटणं यालाच म्हणतात. जे ओरडत होतं त्याला काही झालं नव्हतं आणि जे तापत होतं ते गप्प होतं.

मामीच्या भिशीचं काय झालं? कूलर आला!