रात्री मोजलेल्या खाटा लोकांना दिसू द्या

मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य
प्रत : मा. धर्मादाय आयुक्त, सर्व महापालिका आयुक्त

विषय : रुग्णालयनिहाय खाटांची उपलब्धता व वापर यांची आकडेवारी नियमित प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय,

आम्ही सरकारी आणि महापालिका रुग्णालयांतल्या परिचारिका. एरवी आमच्या निवेदनांत रिक्त पदे, पाळ्या आणि थकलेले भत्ते असतात. ती निवेदने आपल्याकडे आहेतच. आज मागतो आहोत ती माहिती आमच्याच हातून रोज तयार होते आणि बाहेर कुणालाच दिसत नाही.

प्रत्येक वॉर्डात नाइट ड्यूटीची सिस्टर रात्री बाराला सेन्सस काढते : कालचे शिल्लक, नवे दाखल, दुसऱ्या वॉर्डातून आलेले-गेलेले, सुट्टी झालेले, दगावलेले, एकूण. सकाळी ही बेरीज अधिसेविकांच्या कार्यालयात जाते, तिथून रेकॉर्ड विभागात, आणि महिन्याच्या अहवालातून वर. म्हणजे मोजणीसाठी नवी यंत्रणा उभारायची गरजच नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यातले कलम ४ तर कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता माहिती खुली करायला सांगते.

लोकांपर्यंत पोचते ते काय? ‘राष्ट्रीय आरोग्य प्रोफाइल २०१९’मध्ये देशातल्या सरकारी रुग्णालयांच्या ७,१३,९८६ खाटा दिसतात, राज्याराज्यांच्या आकड्यांच्या तारखा मात्र निरनिराळ्या. नीती आयोगाने २०२१मध्ये जिल्हा रुग्णालयांचा अहवाल काढला, तो २०१७-१८च्या आकड्यांवर. त्यात लाख लोकसंख्येमागे सरासरी २४ खाटा आणि ५७ टक्के वापर. ५७ टक्के! प्रसूती वॉर्डात एका खाटेवर दोघी आणि खाली गाद्या असताना ड्यूटी केलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. आकडा खोटा नसेलही. एकीकडे डोळ्यांचा वॉर्ड अर्धा रिकामा, दुसरीकडे मेडिसिनमध्ये फ्लोअर बेड, आणि दोन्हींची मिळून सरासरी काढली की सगळे आलबेल दिसते.

म्हणून आमची मुख्य मागणी खाटेच्या व्याख्येची आहे. कागदावर असते ती मंजूर खाट. जिच्यासाठी त्या पाळीला परिचारिका, डॉक्टर आणि गरज असेल तिथे ऑक्सिजनची जोडणी आहे, ती चालू खाट. आणि रुग्ण जिथे झोपला आहे ती तिसरी; मग तो पलंग असो, गादी असो की कॅज्युअल्टीतली ट्रॉली. समजा, एखाद्या रुग्णालयात मंजूर खाटा १००, मनुष्यबळ ६० खाटांपुरते आणि रुग्ण ९०. मंजूर खाटांवर हिशेब केला तर वापर ९० टक्के, कामगिरी उत्तम. चालू खाटांवर केला तर १५० टक्के. पहिला आकडा मंत्रालयात जातो, दुसऱ्यात आम्ही काम करतो. शिक्षण-रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात ३ रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत ५ मागे एक, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. तो लावून चालू खाटा मोजाव्यात आणि तिन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत छापावेत. नवजात अतिदक्षता, प्रसूती, आयसीयू आणि मनोरुग्ण विभाग स्वतंत्र दाखवावेत. नुसती एकूण बेरीज आम्हाला नको.

बाराचा सेन्सस अपुरा पडतो, हेही सांगायला हवे. सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी गेलेला डायलिसिसचा रुग्ण त्यात येत नाही, सकाळी अकरा ते दुपारी चारची तुडुंब गर्दीही येत नाही. इंग्लंडमध्ये दर तिमाहीला रुग्णालय-संस्थानिहाय खाटांची आकडेवारी निघते, तिच्यात रात्रीच्या आणि फक्त दिवसाच्या खाटा वेगळ्या असतात. आपल्याकडेही दिवसाची एक मोजणी जोडावी.

आकडे झाकलेले राहिले की काय होते, ते २०२३मध्ये दिसले. ऑगस्टमध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. पुढे सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४, त्यांत १२ नवजात. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मंजूर खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण दाखल होते, हे तेव्हा सगळ्यांनी वाचले. आधीच्या महिन्यांचे आकडे दर तिमाहीला छापून येत असते, तर ही चर्चा मृत्यूंच्या आधी झाली असती. आणि नातेवाइकांच्या रागाला सगळ्यांत आधी तोंड देणाऱ्या वॉर्डातल्या सिस्टरकडे दाखवायला निदान एक कागद असता.

खाटांचे धनी अनेक आहेत. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालये आरोग्य विभागाकडे, महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षणाकडे, शहरांतली महापालिकांकडे. खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९च्या शुश्रूषागृह कायद्याखाली. १०८च्या रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला या वाटण्यांशी काय देणेघेणे? सर्वांचे आकडे जिल्हावार एकाच तक्त्यात यावेत. खासगी रुग्णालयांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ही माहिती देण्याची अट घालावी.

धर्मादाय रुग्णालयांचा हिशेब याहून सोपा असायला हवा. उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६च्या योजनेनुसार तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत आहेत. पण १० टक्के कशाचे? एकूण खाटा किती धरल्या आणि राखीव खाटा वर्षातले किती दिवस प्रत्यक्ष वापरल्या, हे प्रत्येक रुग्णालयाच्या नावापुढे छापले जावे.

करोनाकाळात बेडचे डॅशबोर्ड होते, मुंबईत वॉर्डनिहाय वॉर रूम होत्या. पडद्यावर रिकामी दिसणारी खाट फोन केल्यावर नसायची, हा अनुभव अनेकांना आला. म्हणून आमचा आग्रह तासातासाच्या पडद्यापेक्षा तपासलेल्या तिमाही आकड्यांवर जास्त आहे. रोजची स्थिती जरूर दाखवा, पण ‘तात्पुरती’ असे लिहून आणि शेवटची नोंद केव्हाची ते सांगून.

‘आकडे बाहेर गेले की गोंधळ होईल’ असे अधिकारी म्हणतात. गोंधळ आजही आहे, फक्त तो कॅज्युअल्टीच्या दारात होतो. यात कुणा रुग्णाचे नाव जाणार नाही, केसपेपर उघडा पडणार नाही.

एक अट मात्र आमची. हे आकडे संगणकात भरायचे काम आमच्यावर टाकू नका. सेन्सस आम्ही काढतो आणि काढत राहू. नोंदीसाठी रेकॉर्ड विभागातली लिपिकाची रिक्त पदे भरा. नवे पोर्टल आले की एक सिस्टर रुग्णापासून उठून संगणकापुढे बसते, आणि तेवढ्या वेळापुरत्या चालू खाटा कमी होतात.

येत्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीपासून प्रसिद्धी सुरू करावी. व्याख्या ठरवणाऱ्या समितीत वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिका घ्याव्यात. निवृत्त अधिकाऱ्यांवर भागवू नये. या मागण्यांचे उत्तर लेखी द्यावे आणि दोन्ही विभागांनी आम्हाला एकत्र बैठकीला बोलवावे. वेगवेगळ्या बैठकांत प्रत्येक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवतो, असा आमचा अनुभव आहे.

आपल्या,
अध्यक्ष, सरचिटणीस व कार्यकारिणी सदस्य
परिचारिका संघटना