जोड पंचांनीच लावावी

आमच्या गावच्या यात्रेत कुस्त्यांची जोड पंच लावतात. वजनकाटा नाही, गट नाहीत, उपांत्य फेरी नाही. फडाच्या कडेला चार-पाच जुनी माणसं बसतात. पोरगं पुढं आलं की त्याची मान, मनगट, मांडी बघतात. कुठल्या तालमीचं, वस्ताद कोण, मागच्या साली कुणाच्या अंगावर गेलं होतं, एवढं विचारतात आणि समोरचा गडी ठरवून टाकतात. त्या चार-पाचांत मीही बसतो. गाव बिदर जिल्ह्यात, औराद तालुक्यात. हयात मराठी शाळेत मास्तरकी करण्यात गेली. त्याच्या आधीची थोडी वर्षं तालमीत.

यंदा तरुण मंडळानं मागणी केली आहे की हे सगळं बंद करा. वजनं घ्या, गट पाडा, हरला की बाद. शेवटी उरेल त्याला गदा द्या, फेटा बांधा आणि 'यात्रा केसरी' म्हणा. म्हणजे वशिल्याला जागा उरणार नाही. वशिला चालतो हे मला मान्य आहे. एखाद्या पुढाऱ्याच्या भाच्याला हलका गडी मिळतो, एखाद्या गरिबाच्या लेकराला दुपार टळेपर्यंत कुणी विचारत नाही. ही दुखणी खरी आहेत. औषध मात्र चुकीचं आहे.

जोड लावताना आम्ही काय बघतो ते सांगतो. दिवस रेवड्यांच्या कुस्त्यांनी सुरू होतो. दहा-बारा वर्षांची लेकरं, लंगोट सैल, हलगीवाल्याला त्यांच्यासाठी हात चालवायचा कंटाळा. मग नारळावरच्या कुस्त्या, मग रोख इनामाच्या, मग चांदीच्या कड्याची, आणि दिवे लागायच्या आत शेवटची मानाची. एका गावचे दोन गडी शक्यतो लावायचे नाहीत. एका वस्तादाचे तर नाहीतच. हाताला हात लावून हसत सुटतात आणि लोक 'नुरा कुस्ती' म्हणून ओरडतात. नात्यातले लावायचे नाहीत, पुढं लग्नकार्यात अवघड होतं. शेजारच्या यात्रेत ज्यांची अर्धवट सुटली, त्यांची आवर्जून लावायची. आणि हो, कुठल्या पोरामागं किती माणूस येतंय तेही बघतो. देवणीकडचा एक गडी आला की दोन टेम्पो भरून लोक येतात, भजीवाल्यापासून पाळणेवाल्यापर्यंत सगळ्यांचं भागतं. याला कुणी धंदा म्हणेल. म्हणू द्या.

ज्याला जोड मिळत नाही तो हात वर करून फडाला फेरी मारतो. गर्दीतून कुणी तरी सदरा काढून उतरतो. फेरीतल्या पोराला तेव्हाच कळतं समोर कोण ते. गटवारीच्या तक्त्यात हा सदरा काढणारा कुठं बसवणार?

माझा पुतण्या अमेरिकेत ओहायोत असतो. त्यांच्याकडच्या कॉलेजांचा फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत धरून धडका मारायचा खेळ. त्याच्याकडून जे ऐकलं आणि मग मी वाचून काढलं, त्यानं मला या वादात बळ दिलं. तिथं हंगाम संपला की 'बोल' नावाचे सामने होतात. सगळ्यांत जुना रोझ बोल, कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावचा. पहिला १९०२ साली झाला, तोही गावच्या गुलाबाच्या उत्सवाला जोडून. आपल्याकडं देवाच्या पालखीला कुस्त्या जोडतात तसंच. पुढं ऑरेंज, शुगर, कॉटन असे बोल निघाले. कुणाविरुद्ध कुणाला खेळवायचं हे त्या-त्या बोलची कमिटी ठरवी. कमिटीचे लोक हंगामभर सामने बघत हिंडत, संघांना आमंत्रणं देत. कुठल्या कॉलेजचे लोक लांबवर प्रवास करून येतील, हॉटेलं भरतील, हे पक्कं बघत. रोझ बोलमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर मधल्या प्रांतांचा विजेता आणि पश्चिम किनाऱ्याचा विजेता यांचीच जोड, हा करार.

गंमत अशी की देशातला पहिला कोण हे या पद्धतीत मैदानावर ठरतच नसे. ते पत्रकार आणि प्रशिक्षक मतं देऊन ठरवत. १९९७ च्या हंगामात मिशिगन आणि नेब्रास्का दोघेही अपराजित राहिले. पण मिशिगन करारानं रोझ बोलला बांधलेलं, नेब्रास्का ऑरेंज बोलला गेलेलं. गाठ पडलीच नाही. पत्रकारांनी मिशिगनला पहिलं मानलं, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. लोकांनी वर्षानुवर्षं भांडून घेतलं. तरुण मंडळाला हा गोंधळ वाटेल. मला वाटतं दोन गावं जन्मभर बोलत राहिली, यात वाईट काय झालं?

तिथल्या लोकांनाही ते सोसलं नाही. १९९८ पासून मतं आणि संगणकाचा हिशेब एकत्र करून पहिल्या दोघांची जोड लावू लागले. २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी आली, २०२४ पासून बारांची. चौघांच्या काळात काय झालं तर २०२३ साली फ्लोरिडा स्टेट हा संघ तेराच्या तेरा सामने जिंकूनही चौघांत घेतला गेला नाही. त्याला ऑरेंज बोल मिळाला. एके काळी त्या आमंत्रणावर गावात दिवाळी झाली असती. आता त्याच्या कितीतरी खेळाडूंनी अंगात गणवेशच घातला नाही, आणि जॉर्जियानं त्याला ६३-३ असं लोळवलं. बाद फेरीच्या बाहेरचं सगळं बिनकामाचं ठरलं होतं. खेळाडूंना तरी दोष कसा द्यायचा?

हेच आमच्या फडात होईल. आज नारळाची कुस्ती जिंकणारं पोर घरी जिंकून जातं. उद्या तीच कुस्ती 'पहिली फेरी' होईल आणि ते पोर दुसऱ्या फेरीत हरलेलं म्हणून घरी जाईल.

आमच्या मुलखाची तर वेगळीच अडचण आहे. १९५६ पर्यंत निलंगा, उदगीर, अहमदपूर बिदर जिल्ह्यातच होते; जहिराबाद, नारायणखेडही. एका नोव्हेंबरात तीन राज्यांत वाटणी झाली. महाराष्ट्र केसरीला महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचे आणि शहरांचे मल्ल जातात, कर्नाटक केसरी कर्नाटकाची. आमच्या गावचा मराठी बोलणारा गडी आणि निलंग्याचा गडी या दोन्हींपैकी कुठल्याही तक्त्यात एकमेकांसमोर येऊ शकत नाहीत. येतात ते यात्रेत. लाऊडस्पीकरवरचा माणूस मराठी, कानडी आणि दखनी एका दमात बोलतो, आणि गडी कुठल्या राज्याचा हे कुणी विचारत नाही. इनाम पुकारताना गाव विचारतात, तेवढंच.

हरिश्चंद्र बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं. दोन्ही रीतसर स्पर्धा. पण आमच्याकडं चहाच्या हॉटेलात आजही निघते ती त्यांची बेळगावची सतपाल या पैलवानाशी झालेली कुस्ती. तिला गट नव्हता, फेरी नव्हती. लोकांना ही जोड बघायची होती, म्हणून मैदान ठरलं.

मग वशिल्याचं काय? पंचांवर लगाम घाला, पंच काढू नका. यात्रेच्या आदल्या दिवशी मोठ्या इनामाच्या जोडी देवळाच्या भिंतीवर लिहून लावाव्यात, ज्याला हरकत असेल त्यानं चारचौघांत बोलावं. पंचाच्या घरचा गडी असेल तेव्हा पंचानं उठून बाजूला बसावं. आणि शेवटच्या कुस्तीचा तमाशा थांबवावा. उत्तरेतून मोठं नाव आणायचं, पोस्टरवर त्याचा फोटो नेत्याच्या फोटोइतका मोठा छापायचा, वर्गणीतला मोठा वाटा त्याच्या हातात ठेवायचा आणि त्यानं घटकाभर खडाखडी करून बरोबरीत सुटायचं. हे मी अनेकदा कडेला बसून बघितलं आहे, आणि खरी लूट इथं आहे. निकाली होणार नसेल तर अर्धंच इनाम, ही अट आधी घालावी. राहिलेला पैसा रेवड्या-नारळाच्या पोरांत वाटावा; त्यांना खुराकाला तरी होईल.

बैठकीत मी एवढंच मांडणार आहे, आणि एक जोडही. भालकीकडचं एक पोर आणि देवणीकडचं एक, गेल्या साली अंधार पडला म्हणून आम्ही त्यांना सोडवलं. देवणीकडच्यानं घिस्सा भरला होता, भालकीकडचा पालथा पडून माती सोडायला तयार नव्हता. त्यांची यंदा दुपारी चारलाच लावा, उजेड असताना. दोघांच्याही वस्तादांचा होकार आलाय.