वाहून आलेलें शेवाळ

सुट्टींत हरिहरेश्वरास किंवा श्रीवर्धनास गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं वाळूवरचें तपकिरी शेवाळ नाक मुरडून पायानें लोटलें असेल. त्या राशींत काय आहे, हें फारच थोड्यांनीं विचारलें असेल. १८११ सालीं कूर्त्वा नामक फ्रेंच रसायनज्ञास समुद्रशेवाळाच्या राखेंतूनच आयोडीन सांपडलें. सारगॅसम जातीच्या शेवाळांत अल्जिनेट म्हणून एक चिकट द्रव्य असतें. कापडावर छापलेला रंग पसरूं नये म्हणून तें वापरतात, आणि दंतवैद्य दातांचा ठसा घेतात तोही त्याचाच.

अटलांटिक महासागरांत २०११ पासून ह्या शेवाळाचे लोंढे येऊं लागले. २०१८ च्या जूनमध्यें त्यांचा पट्टा ८,८५० किलोमीटर लांब असून वजन दोन कोटी टनांहून अधिक होतें. मेक्सिकोच्या ओमर वाझ्केझ नामक माळ्यानें त्याच वर्षीं त्याच्या विटा पाडून घर बांधलें. आपल्या कोंकणांत एवढे लोंढे येत नाहींत. मग महाड-पोलादपूरच्या डोंगरांत बसून आम्हीं हें कां लिहावें?

कारण सावित्री नदी. ती ह्या दोन्ही गांवांवरून जाऊन बाणकोटास समुद्रास मिळते, आणि तिच्या काठीं आज रसायनांचे कारखाने आहेत. माल समुद्राचा व कारखाना महाडचा, असा बेत एखाद्या पालकानें केल्यास आम्ही हंसणार नाहीं. मात्र त्याची रीत आधीं पाहूं. शेवाळ गोड्या पाण्यानें धुवावें, सौम्य आम्लांत भिजवावें, धुण्याच्या सोड्याच्या द्रावणांत विरघळवावें, गाळावें, आणि पुन्हां आम्ल घालून सांका बसवावा. प्रत्येक वेळीं पाणी लागतें, आणि तें आंबट-खारट पाणी शेवटीं कोठें तरी सोडावें लागतें. तें सावित्रींत सोडावयाचें असेल, तर समुद्राचा कचरा उचलून नदींत टाकल्यासारखेंच झालें. खाडींत जाळें टाकून पोट भरणाऱ्यास अशा उद्योगाच्या नफ्याचें काय कौतुक? आमच्या मतें सांडपाण्याची सोय आधीं, कारखाना मागाहून. खडकांवरचें जिवंत शेवाळ ओरबाडण्यास तर आमचा साफ विरोध आहे. त्यांत मासळीचीं पिलें वाढतात.

पुढील सुट्टींत कोणी किनाऱ्यास गेल्यास वाहून आलेलें किलोभर शेवाळ घेऊन यावें. सोडा व आम्ल शाळेच्या प्रयोगशाळेंत आहे. पाणी किती लागलें, तें मात्र मोजून वहींत लिहावें लागेल.