लंगोटी तरी घाला!

मोटारगाडीत सुटे भाग हजारोंनी असतात म्हणे. मी मोजलेले नाहीत, पण एक गोष्ट खात्रीने सांगतो. त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग मालकाच्या सुखासाठी असतो. इंजिन त्याला नेते, ब्रेक त्याला वाचवतो, गादी त्याचे बूड सांभाळते, काच त्याला वाऱ्यापासून राखते. हॉर्न तेवढा दुसऱ्यासाठी असावा असे वाटते; पण आमच्या सोलापुरात तोही मालकाच्या करमणुकीसाठीच वाजतो. साऱ्या गाडीत मालकाच्या काडीच्या उपयोगाचा नसलेला एकच भाग आहे. मागच्या चाकामागे लोंबणारा, हात-दीड हात लांबीचा, काळा, कुरूप रबराचा तुकडा. त्याला मडफ्लॅप म्हणतात. मराठीत त्याला धड नावही नाही. चिखल मराठी, उडवणारा मराठी, अंगावर घेणारा तर शंभर टक्के मराठी. पण अडवणारा तेवढा इंग्रज!

माझ्या मते ही गाडीची लंगोटी होय. सभ्य वाचकांनी नाक मुरडू नये. लंगोटी हे वस्त्र नेसणाऱ्याला ऊब देत नाही की त्याची शोभाही वाढवत नाही. ती असते समोरच्यासाठी. चारचौघांत वावरायचे तर एवढे तरी हवे, अशी समाजाची जी अगदी शेवटची अट, तिचे नाव लंगोटी. मडफ्लॅपचे तेच. मालकाला तो कधी दिसत नाही. तो आहे की नाही हे फक्त मागून येणाऱ्याला कळते, आणि नसला तर फारच चांगले कळते.

हे सगळे आज काढायचे कारण म्हणजे गावात आलेली नवी साथ. जीपगाड्या उंच करण्याची. चांगली कारखान्यातून बेतशीर होऊन आलेली गाडी घ्यायची, तिच्या स्प्रिंगांखाली ठोकळे सरकवायचे, लांबलचक शॉक अ‍ॅब्सॉर्बर घालायचे आणि तिला चार-सहा इंच वर उचलायची. मग त्या वाढलेल्या पोकळीत ट्रॅक्टरला शोभतील असे टायर बसवायचे. हे टायर अंगाबाहेर असे डोकावतात, की लहान मापाची चप्पल घातलेल्या माणसाच्या टाचा आठवाव्यात. आणि या सर्व संस्कारांत पहिला बळी जातो तो मडफ्लॅपचा. एक तर मोठा टायर त्याला घासतो, आणि दुसरे म्हणजे ‘लूक’ जातो!

आमच्या शेजारच्या चिरंजीवांची अशी एक जीप आहे. मुलगा गुणी. वाटेत भेटला तर पाया पडतो, दिवाळीला फराळाचे ताट आणून देतो. त्या जीपमध्ये चढताना त्याच्या आईला प्लॅस्टिकचे स्टूल लागते. ते स्टूल आता गाडीतच असते. मी एकदा त्याला विचारले, “अरे, एवढी उंच कशाला केलीस?”

“काका, ऑफरोडिंगसाठी. डोंगर, नदी, चिखल, कुठेही जाते.”

“मग जातोस कुठे?”

“सध्या सात रस्त्याला जातो, जिमला.”

सोलापुरात डोंगर नाही, हा त्याचा दोष नव्हे. पण सात रस्त्यापर्यंत जायला जी गाडी चालते तिला सात समुद्रांची तयारी कशाला, हे मला उमगेना. तरी माझे भांडण उंचीशी नाही. हौसेला मोल नसते. कोणी गाडी उंच करतो, कोणी मिशा वाढवतो. मी विचारले, “आणि मागचे रबर कुठे गेले?”

“काढून टाकलं काका. फालतू दिसत होतं.”

हा ‘फालतू’ शब्द मला त्या चिखलापेक्षा जास्त लागला. कारण चिखल त्याआधी लागून गेला होता. होटगी रस्त्यावरच्या एका कार्यालयात लग्न होते. मी इस्त्रीचा झब्बा घालून स्कूटरवर, मागे आमची ही, तिच्या अंगावर ठेवणीतले पैठणीचे पातळ. तेवढ्यात एक उंच जीप आमच्या शेजारून पुढे गेली. (चिरंजीवांची नव्हे, असल्या आता पुष्कळ आहेत.) पुढे रस्त्यात एक डबके होते, आणि पुढच्या क्षणाला आम्ही दोघेही एका जातीचे, एका रंगाचे झालो. कार्यालयाच्या दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुलीने आमच्याकडे पाहिले आणि गुलाबदाणी खाली ठेवली. पुरेसे शिंपडून झाले आहे, हे त्या पोरीलाही समजले.

आता यावर ठरलेला प्रश्न येतो, “सोलापुरात पाऊस असतोच कुठे?” खरे आहे. वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणात तेवढा पाऊस काही दिवसांत पडून जातो. पण आमचा पाऊस येतो तोही बहुतेक सप्टेंबरात, आणि पडतो तो काळ्या मातीवर. ही माती काय चीज आहे ते पुण्या-मुंबईच्या लोकांना कळायचे नाही. सुकली की दगड, भिजली की डिंक. एकदा कपड्याला बसली की धोब्याच्याही आठवणीत राहते. शिवाय आमच्याकडे डबके व्हायला पाऊस लागतोच असे नाही. जलवाहिनी फुटली की भर उन्हाळ्यात नदी वाहते. चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाची वाट पाहण्यात ज्या गावाच्या पिढ्या गेल्या, त्या गावात अंगावरचा चिखल धुवायला लागणारी एक बादली म्हणजे काय ऐवज असतो, हे उंच गाडीतल्या माणसाने खाली उतरून विचारावे. स्टूल आहेच.

बरे, हे गाव कापडाचे. ज्या गावाने साऱ्या देशाला चादर पांघरायला दिली, त्या गावातल्या गाड्यांना चाकामागे हातभर रबर पांघरता येऊ नये? संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर हजारो माणसे पांढरी शुभ्र बाराबंदी घालून रस्त्याने चालतात. पांढऱ्या कपड्याचा एवढा मान असलेल्या गावात चिखलाची पिचकारी घेऊन हिंडणे हा नुसता उद्धटपणा नव्हे, गावाशी केलेली बेइमानी आहे.

कोणी म्हणेल, थोडा शिंतोडा उडाला तर एवढे काय? तर थोडे गणित ऐकावे. ताशी चाळीस किलोमीटरने गाडी जात असेल तर टायरचा बाहेरचा घेरही आसाभोवती ताशी चाळीसनेच फिरत असतो. मागच्या बाजूला तो खालून वर जातो. तिथून सुटलेला चिखलाचा गोळा, हवेचा विरोध सोडला तर, सरळ सहा मीटर वर जाईल. म्हणजे दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेले धोतरही सुरक्षित नाही! खडा तर आणखी इरसाल. टायर रस्त्याला टेकतो त्या जागेतून सुटलेला खडा जवळजवळ रस्त्याच्याच जागी तरंगत राहतो, आणि मागून चाळीसच्या वेगाने येणारा स्कूटरवाला त्याच्यावर स्वतः जाऊन आदळतो. मारणारा पुढे निघून गेलेला आणि मार खाणारा स्वतःच धावत आलेला! चष्मा असला तर काच जाते, नसला तर डोळा. म्हणून ही गोष्ट परीटघडीपुरती नाही.

आता उंचीचा परिणाम पाहा. मडफ्लॅप असतो गाडीच्या अंगाला अडकवलेला. अंग चार इंच वर गेले की तोही चार इंच वर जातो, चाक मात्र रस्त्यावरच राहते. म्हणजे चिखलाला खालून निसटायला चार इंचांचे दार आपण होऊन उघडून दिले. त्यातून टायर बाजूला बाहेर आलेले, म्हणून मागच्याबरोबर शेजारून चालणाऱ्यालाही प्रसाद. तेव्हा साध्या गाडीला लंगोटी लागत असेल तर उंच गाडीला लांब आणि रुंद लंगोटी लागते. ही मंडळी तर आहे तीही सोडून डोक्याला गुंडाळतात.

कायद्याचे म्हणाल तर तो काही झोपलेला नाही. चाकाने उडणारा चिखल-पाणी अडवायची सोय गाडीला असली पाहिजे, असे मोटारींचे नियम सांगतातच. मुळात गाडी उंच करणे हेच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला रुचत नाही. कारखान्याने दिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने करू नये, असे ते कलम म्हणते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच बजावले. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला. आता बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. म्हणजे आमच्या उंच गाडीवाल्यांनी मुळात एक नियम मोडलेलाच असतो. माझे म्हणणे एवढेच, की निदान दुसरा तरी पाळा. चोराने चोरी करावी, पण जाताना दार लोटून घ्यावे!

आणि ही बाब क्षुल्लक समजू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली चक्क मडफ्लॅपवर निकाल दिला आहे. इलिनॉय राज्याने हुकूम काढला की मालमोटारींना वक्र आकाराचेच चिखलरक्षक हवेत. तिकडे आर्कान्सा राज्याचा आग्रह सरळ लोंबणाऱ्यांचा. एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या मालमोटारीने काय करावे? सोलापूरहून विजापूरला निघालेल्या माणसाने सीमेवर उतरून लंगोटी बदलावी, तसाच प्रकार! न्यायमूर्तींनी इलिनॉयचा हुकूम रद्द केला. पण लक्षात घ्या, भांडण होते ते रबर वाकडे असावे की सरळ यावर. असावे की नसावे यावर तिथे कोणाचा वाद नव्हता. आमची मजल अजून तिथवरही गेलेली नाही.

“पण ट्रकवाले तरी कुठे लावतात?” हाही एक लाडका युक्तिवाद. माझ्या पाहण्यातले कितीतरी ट्रकवाले लावतात, आणि प्रेमाने लावतात. त्यावर फुले काढतात, मुलांची नावे लिहितात, खाली गोंडे सोडतात. दिवसरात्र रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला मागच्याची कदर असते; कारण दिवसातून दहा वेळा तो स्वतःच कोणाच्या तरी मागे असतो. जे लावत नाहीत त्यांनाही दंड करा, माझी ना नाही. पण शेजारी अंघोळ करत नाही म्हणून आपणही करू नये, हा धडा कोणत्या शाळेत शिकवतात?

एक आक्षेप मात्र मला रास्त वाटला, आणि तो चिरंजीवांनीच काढला. खऱ्या दगडाधोंड्यांत गाडी मागे घेताना मडफ्लॅप टायरखाली सापडतो आणि मुळासकट उपटून येतो. बरोबर आहे. यावर उपाय काय, म्हणून मी आमच्या स्कूटरच्या मेस्त्रींकडे गेलो. चाळीस वर्षे गाड्यांच्या खाली निजून काढलेला माणूस. तो म्हणाला, “मालक, तुम्ही बोलायलाव ते बरोबर हाय. जाड रबर घ्यायचं, टायरपेक्षा रुंद कापायचं, पट्टीला दोन पिना लावायच्या. रानात गेलं की पिन काढून रबर आत टाकायचं, डांबरीवर आलं की परत लावायचं. दोन मिनिटांचं काम हाय की.”

“मग ही पोरे असे करून घेत का नाहीत?”

“काढा म्हणणारी लई येतेत. लावा म्हणणारे तुम्ही पहिलेच. अन् तुमच्याकडं तर स्कूटर हाय!”

खर्च विचारला, तर त्या एका टायरच्या किमतीत आमच्या अख्ख्या गल्लीच्या गाड्यांना लंगोट्या शिवून झाल्या असत्या. म्हणजे पैसा आडवा येत नाही, यंत्रविद्या आडवी येत नाही, कायदा तर हात जोडून सांगतोच आहे. आडवा येतो तो फक्त ‘लूक’. आणि हा लूक कोण पाहतो? मागचा माणूस. ज्याच्या डोळ्यांत चिखल गेलेला असतो, तो!

उंच बसले की लांबचे दिसते, असे ही मंडळी सांगतात. दिसत असेल. पण उंच बसणाऱ्याला जवळचे आणि मागचे दिसत नाही, हा अनुभव आपल्याला काही मोटारींनीच दिलेला नाही. खुर्ची उंच झाली, मजला उंच झाला, पगार उंच झाला, की आपल्या चाकाने काय उडते आणि ते कोणाच्या अंगावर पडते याची चौकशी करायची सवय सुटते. मागे कोणी आहे, याची आठवण म्हणून कायद्याने गाडीला हातभर रबर बांधायला लावले आहे. इतका स्वस्त सद्गुण दुसरा मिळायचा नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गाडी उचला, हवी तेवढी उचला. दंड भरायची ऐपत असेल तर आणखी उचला. पण डांबरी रस्त्यावर येताना टायरएवढे रुंद आणि जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत पोचेल असे रबर मागे सोडा. परवडत नसेल तर तसे कळवा. आम्ही स्कूटरवाले वर्गणी काढू, आणि ज्याच्या त्याच्या मापाने कापून, हळदी-कुंकू लावून घरपोच देऊ. मापे मात्र तुम्हीच खाली उतरून घ्या. तेवढ्या उंचीवर आमचा हात पोचत नाही.