झाडाला एसी

खोके आले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. २०२२ चा एप्रिल संपत आला होता आणि वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीला टेकला होता. अशा वेळी आमच्या गावात रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. कुरिअरचा मुलगा डोक्याला दुपट्टा गुंडाळून फाटकाशी उभा होता. सकाळपासून त्याच्या मोटारसायकलला लटकवलेल्या काळ्या थैल्यात ते खोके तापत होते.

"काकाजी, याच्यावर 'जिवंत' लिवलं हाये. काय हाये आत? मासोळी?"

"झाड."

"झाड कायले मागवता, बाप्पा, खोक्यात?"

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. सही केली आणि खोके घेऊन आत आलो.

नातीने ते उघडले. ती तेव्हा नववीत होती. आतले ओले शेवाळ इडलीपात्राचे झाकण काढावे तसे वाफाळलेले होते, आणि त्यात गुंडाळलेल्या बोटभर रोपाचा रंग उकडलेल्या पालकासारखा झाला होता. ती रडली वगैरे नाही. तिने खोक्याचे झाकण पुन्हा लावले, चिकटपट्टी होती तशी बसवली, खोके माझ्या टेबलावर ठेवले आणि आत निघून गेली.

रोपाचे नाव नेपेंथिस हमाटा. घटपर्णीची ही एक जात. घटपर्णीचे चित्र शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनीच पाहिले आहे. पानाच्या टोकाला लोंबणारी सुरई, तिच्यावर झाकण, आत पाचक रस. किडा काठावरून घसरला की संपला. हमाटाच्या सुरईच्या काठाला तर वाकडे, अणकुचीदार दात असतात. असले काही पाहिल्यावर चौदा वर्षांच्या मुलीला ते हवेसे वाटले नाही, तरच नवल. हे झाड इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर १,४०० ते २,५०० मीटर उंचीवर वाढते. आपला चिखलदरा साधारण १,१०० मीटरवर आहे. म्हणजे विषुववृत्ताला खेटून असलेल्या बेटावर राहूनही हे झाड चिखलदऱ्याच्या कितीतरी वर, ढगांत नांदते. दिवसा पंचविशीच्या आसपास आणि रात्री पंधराच्या आसपास तापमान, ही त्याची सवय.

यात रात्रीचे महत्त्व जास्त, हे मला फार उशिरा कळले. दिवसा पानांनी कमावलेली साखर झाड रात्री श्वासोच्छ्वासात खर्च करते. रात्र गार असेल तर खर्च बेताचा राहतो. रात्र तापली की वाढतो. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर जमेपेक्षा नावे जास्त होतात आणि थोड्याच आठवड्यांत खाते रिकामे. वर्ध्यात मे महिन्यातली रात्र २८-३० अंशांच्या खाली यायला तयार नसते.

ही चूक आमच्याच घराण्यातली आहे असे मात्र समजू नका. लंडनमधल्या चेल्सी येथील व्हीच यांची नर्सरी एकोणिसाव्या शतकात जगभर माणसे पाठवून झाडे गोळा करीत असे. त्यांचा माणूस फ्रेडरिक बर्बिज १८७७-७८ मध्ये बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर गेला. तिथे नेपेंथिस राजा नावाची घटपर्णी होते. सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रूक याच्यावरून तिचे नाव पडले. तिची एक सुरई दोन लिटरांहून अधिक पाणी धरते. (या सुरईवर खारीसारखा दिसणारा एक प्राणी येऊन बसतो, काठावरचा गोड रस चाटतो आणि त्याच बैठकीत सुरईचा शौचालयासारखा वापर करतो, झाडाला खत मिळते ते असे. नातीने हे मला जेवताना सांगितले.) डार्विनचे कीटकभक्षक वनस्पतींवरचे पुस्तक १८७५ साली आलेले होते आणि साहेबलोकांना या झाडांचे वेड लागले होते. झाड उष्ण कटिबंधातले, म्हणजे त्याला ऊब हवी, या हिशेबाने माळ्यांनी काचघरांतल्या भट्ट्या पेटवल्या. दमट जंगलातल्या जाती त्यात फोफावल्या. डोंगरमाथ्यावरच्या मात्र उकडून निघाल्या. नकाशावरचे अक्षांश पाहिले, उंची पाहिली नाही.

आमच्या व्यवहारात कागदांना मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. बँकेत तेहेतीस वर्षे काढलेला माणूस बिनकागदाचे काम करीत नाही. परदेशातून रोप आणायचे तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो, निर्यात करणाऱ्या देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते, मुळांना माती चालत नाही. शिवाय दुर्मीळ वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'सायटिस' करारात नेपेंथिसच्या सगळ्या जाती येतात. तो कागद वेगळा. 'भेटवस्तू' किंवा 'शोभेचे सामान' असे लिहून पाकीट पाठवणारे महाभाग आहेत, आणि त्यांच्या पाकिटात जंगलातून ओरबाडलेले रोप नसेलच असे सांगता येत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात रानातला व्हीनस फ्लायट्रॅप चोरणे २०१४ पासून गंभीर गुन्हा धरला जातो, तो उगाच नाही. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. बंगळुरूच्या एका आयातदाराने दहा-बारा हौशी लोकांची मागणी एकत्र करून परवाना काढला होता, त्यात आमचे एक रोप. बंगळुरूपर्यंत ते सुखरूप आले. पुढचे तीन दिवस ते कुठल्या गोदामात आणि कुठल्या ट्रकमध्ये होते, ते पांडुरंगाला ठाऊक.

'जिवंत पोहोचण्याची हमी' होती. ती मी भिंग लावून वाचली. वाहतुकीतला विलंब आणि हवामान यांमुळे होणारे नुकसान हमीच्या बाहेर. मला हसू आले. आयात-निर्यातीच्या पतपत्रांचे आंतरराष्ट्रीय नियम आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. त्यातले एक तत्त्व असे की बँक कागदपत्रांवर व्यवहार करते, मालावर नाही. कागद बरोबर असतील तर पैसे द्यायचे. पेटीत रेशीम आहे की दगड, हे बँकेने बघायचे नाही. आमच्याही कागदांवरचे सगळे शिक्के जागच्या जागी होते. पेटीतले रोप तेवढे मेले होते.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी नातीचा हिरमुसलेला चेहरा पाहिला आणि डिसेंबरात दुसरे रोप मागवले.

ते टवटवीत आले. थंडीत आमच्याकडेही रात्री गार असतात. नातीने त्याच्यासाठी डिस्टिल्ड पाणी आणले, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. आमच्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या गवतावर पांढरा थर बसतो. तसल्या क्षाराच्या पाण्याने या झाडाची मुळे जळतात. फेब्रुवारीत पहिली सुरई आली, नखाएवढी, पण दातांसकट. नातीने शाळेतल्या मैत्रिणींना बोलावून ती दाखवली. मार्चमध्ये ऊन चढू लागले, तसे झाड माझ्या खोलीत आले आणि एसी रात्रंदिवस सुरू झाला. मी स्वतः त्या खोलीत दुपारी दोन तासच एसी लावत असे. झाडाला अठरा अंश हवे होते, म्हणून मी रजई घेऊन झोपू लागलो. वर्ध्यात, एप्रिलमध्ये, रजई! मे महिन्याचे बिल नऊ हजारांवर गेले. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी बिल फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवले.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई वस्तीत टिनाच्या छपराखाली राहतात. एके दुपारी त्या काम आटोपून माझ्या खोलीच्या दारात क्षणभर उभ्या राहिल्या. दार किलकिले होते. गार झोत अंगावर घेत त्यांनी आत पाहिले.

"झाडाले एसी लागते, बाप्पा!" त्या हसल्या. "आमच्या टिनाखाली त पंखा बी गरम वारा फेकते."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. टोमणा असता तर उत्तर देऊन मोकळा झालो असतो.

मला त्या वेळी आठवली ती एक गाय.

२००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. आपला वर्धा त्यात होता. शेतकऱ्याला जोडधंदा हवा म्हणून त्यात निम्म्या अनुदानावर संकरित दुभत्या गाई द्यायच्या होत्या. मी तेव्हा जिल्ह्यातल्याच एका शाखेत शेतीकर्जे बघत होतो. एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या प्रकरणावर माझी सही आहे. गाईच्या कानात बिल्ला, गाईसोबत शेतकऱ्याचा फोटो, विम्याचा कागद, पशुवैद्यकाचा दाखला, सगळे जागच्या जागी. पुढच्या मे महिन्यात वसुलीच्या फेरीला गेलो, तर गोठ्यात गाईच्या पाठीवर ओले पोते आणि डोक्यावर टेबलफॅन. घरातला एकुलता एक पंखा.

"पंखा गाईले लावला, साहेब," त्याची बायको म्हणाली. "पोरं अंगणात झोपतात."

गाय धापा टाकत होती. दूध निम्म्यावर आले होते, खुराक मात्र तेवढाच. त्याच पावसाळ्यात ती गेली. विम्याचे पैसे मिळाले, कारण कागद पूर्ण होते. कर्जखाते बंद झाले आणि माझ्या अहवालात ते प्रकरण यशस्वी वसुलीत मोडले. आमच्याच आर्वी-कारंज्याकडची गवळाऊ गाय ऊन सोसून उभी राहते. दूध कमी देते खरी, पण तिला पंखा लागत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते काय? होते. अर्जात तसा रकाना नव्हता.

त्या मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे २०२३ च्या, वादळ झाले आणि आमच्या भागातली डीपी उडाली. एकोणीस तास वीज नव्हती. नातीने थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ घालून झाड त्यात ठेवले आणि रात्रभर बर्फ बदलत राहिली. झाड त्यानंतर बारा दिवस जगले. शेंडा काळा पडला तेव्हा तिने मला हाक मारली नाही. सकाळी रिकामी कुंडी धुऊन पालथी घातलेली दिसली.

आता माझे म्हणणे. मुलांनी अशी झाडे पाळू नयेत, असे मी म्हणत नाही. त्या एका रोपापायी माझ्या नातीने पाण्यातले क्षार, समुद्रसपाटीपासूनची उंची, आंतरराष्ट्रीय करार असे जे जे वाचून काढले, ते कुठल्या शिकवणीत तिला मिळाले नसते. माझी तक्रार विकणाऱ्यांशी आहे. पैसे भरताना ते कार्डाचा नंबर विचारतात, पिनकोड विचारतात. मे महिन्यात तुमच्याकडे रात्री किती तापमान असते, एवढे एक विचारले तर? आणि उत्तर पंचविसाच्या वर आले तर नम्रपणे नकार द्यावा. उन्हात न टिकणारे झाड आमच्यासारख्या गावाला विकणे म्हणजे परतफेड होणार नाही हे दिसत असताना कर्ज मंजूर करणे. तशी मंजुरी मी एकदा दिली आहे, म्हणून बोलतो आहे.

घटपर्णीच हवी असेल तर परदेशापर्यंत जाण्याचीही गरज नाही. भारतात तिची एकच जात आहे, मेघालयातली नेपेंथिस खासियाना. गारो लोक तिला 'मेमांग-कोक्सी' म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. ती हमाटाइतकी नाजूक नाही. अर्थात रानातली तोडायची नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे. पण नातीला ती दाखवावी कशी, मेघालय दूर, असा विचार चालला असता आमच्या ओळखीचे एक वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "एवढे लांब कशाला? भंडाऱ्याकडे चला."

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही साकोलीच्या पुढे एका धानाच्या बांधीवर उतरलो. धुऱ्याच्या कडेला, जिथे काही उगवत नाही अशा ओल्या मुरमावर, प्राध्यापकांनी काठी टेकवली. मला काहीच दिसेना. मग दिसले. रुपयाच्या नाण्याएवढे लालसर चक्र, जमिनीला चिकटून. मग दुसरे, मग शंभर. ड्रॉसेरा बर्मानी. आपल्याकडे दवबिंदू म्हणतात, कारण पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब चमकतात. नात चिखलात पालथी पडली. एक चिलट पानाच्या कडेला टेकले आणि काही सेकंदांत कडेचे केस आत वळले. ती बराच वेळ उठली नाही.

"आजोबा, हे उन्हाळ्यात काय करतं?"

उत्तर प्राध्यापकांनी दिले. उन्हाळ्यात ते नसतेच. पावसात उगवते, फुलते, बी टाकते आणि ओल गेली की मरून जाते. मे महिना बी होऊन मातीत काढते.

तिने एकही उपटले नाही. मी मात्र रुमाल काढून तयार होतो, हे कबूल करतो.

हमाटा ती विसरली असेल असा माझा समज होता. तो खोटा ठरला. आता ती बारावीत आहे. गेल्या डिसेंबरात तिने युरोपातल्या एका नर्सरीला स्वतःच पत्र लिहिले आणि मी सुचवलेला रकाना स्वतः होऊन भरला: मे महिन्यातले रात्रीचे तापमान, ३० अंश. वीज जाते, हेही लिहिले. आठ दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले. तुमच्या हवामानात हे झाड जगणार नाही, म्हणून पाठवता येत नाही, क्षमस्व.

ती दिवसभर घुश्शात होती. मी ते पत्र दोनदा वाचले आणि त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात बढती देऊन टाकली.